केळीच्या घडावरची खार

एका रंग कंपनीचं जुनं कॅलेंडर माझ्या कपाटाच्या तळाशी पडून आहे. वर्ष उलटलेलं कॅलेंडर कोणी ठेवत नाही, वह्यांना कव्हर घालायला काढतात. मी ठेवलंय. दर दिवाळीला कपाट आवरताना ते हाताला लागतं आणि तोंड कडू होतं. त्यावर झूल घातलेले दोन हत्ती आहेत, मधे गणपती, बाजूला केळीचे खुंट, आणि उजव्या केळीच्या घडावर शेपटी उभारून बसलेली एक खार.

चित्र माझ्या मामाचं आहे. खाली नाव भलत्याच माणसाचं आहे. आणि ते नाव मामानंच, स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे. हे असं कसं झालं ते सांगते. त्यात माझाही हात आहे, म्हणून आजवर कोणाला धड सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. आता वय झालं, लाजेचाही कंटाळा आला.

आमच्या भागात, म्हणजे वर्ध्याकडे, लग्नघराची दर्शनी भिंत काढायची पद्धत होती. दाराच्या दोन्ही बाजूंना चुना मारायचा आणि त्यावर गेरू, हळद, कपड्याची नीळ आणि काजळी डिंकात कालवून चित्रं काढायची. माझा मामा अल्लीपूरचा. कापूस-तुरीची शेती करायचा, आणि चैत्र-वैशाखात शेतं रिकामी झाली की आजूबाजूच्या गावांत भिंती काढत फिरायचा. शिंदीची काडी ठेचून तिचीच कुंचली करायचा. सकाळी कोऱ्या भिंतीसमोर नुसता बिडी ओढत बसायचा आणि बिडी विझली की एका दमात हत्तीची पाठ काढायचा. ती रेघ मला आजही जमत नाही. चित्रकलेची पदविका माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नव्हती.

चित्र झालं की खाली नाव घालायचं ते घरधन्याचं. नाव आणि गाव. काढणाऱ्याचं नाव कधीच नाही. ज्याची भिंत त्याचं चित्र, हा त्याचा साधा हिशेब. एका घरी काढलेलं चित्र जसंच्या तसं तो दुसऱ्या घरी काढत नसे. "ते त्यायचं हाय," म्हणायचा, आणि विषय संपायचा. नवं घर, नवं चित्र. खार तेवढी सगळीकडे असायची, कधी उजव्या केळीवर, कधी डाव्या.

ती खार माझ्यामुळे आली. पाच-सहा वर्षांची असताना मी त्याच्या शेजारी बसून विचारलं होतं, "मामा, एवढा मोठा घड खाईन कोन?" त्यानं उत्तर न देता गेरूच्या चार फटकाऱ्यांत खार काढली. तेव्हापासून एसटीतून जाताना कुठल्याही गावात घडावर खार दिसली की आई माझा हात दाबायची. मामा इथं येऊन गेला, एवढं आम्हाला कळायचं.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. इतर ठिकाणच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. मी फ्रॉकमधे होते तेव्हापासून हा उंचापुरा माणूस घरी आला की आधी वाकून माझ्या पायांना हात लावायचा, मग पाणी प्यायचा. मला त्याचं काही वाटत नसे. सवयीचं होतं.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी पवनारला धाम नदीच्या काठी बसून जलरंग करत होते. पूल, खडक, धुणी, पुन्हा पूल. स्वतःला चित्रकार समजत होते. मुंबईच्या गॅलऱ्यांना पत्रं लिहून झाली होती. एकीचंही उत्तर नाही. तिथं काय लागतं, कोणाला भेटायचं, हे सांगणारं वर्ध्यात कोणी नव्हतं. मधला माणूस लागतो, एवढं मात्र सगळे सांगायचे.

तो माणूस आमच्या शिक्षकांच्या प्रदर्शनाला प्रमुख पाहुणा म्हणून आला. नागपूरचे बडे गृहस्थ. वर्तमानपत्रात त्यांच्या नावाआधी 'कलारसिक' छापून यायचं, म्हणून मीही त्यांना रसिकच म्हणते. खरं नाव घेऊन जीभ विटाळायची नाही. त्यांच्या बंगल्यात नामांकित चित्रकारांची चित्रं टांगलेली होती, गॅलरीवाल्यांशी ऊठबस होती, ते शब्द टाकतील त्याचं चित्र भिंतीवर चढायचं. माझ्या पवनारसमोर ते थांबले.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण बाई, नदी आणि पूल सगळेच काढतात. तुमच्या भागातलं अस्सल काही नाही का?"

अस्सल. हा शब्द मी पुढे इतक्यांदा ऐकला, की आता भाजीवाल्यानं अस्सल गावरान वांगी म्हटलं तरी मी न घेता पुढे जाते. त्या दिवशी मात्र मी लगेच मामाचं सांगून टाकलं. भिंती, हत्ती, खार, सगळं. त्यांनी मान हलवली आणि चहाच्या टेबलाकडे गेले. त्यांनी चित्रं मागितली नाहीत, काढून आणा असंही म्हणाले नाहीत. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच फिरलं.

उन्हाळ्यात मी शाळेतले जाड ड्रॉइंगचे कागद घेऊन अल्लीपूरला गेले. मामा हसला.

"कागदावर कायले वं? भित नाई काई नाई. हे लागन कोनाच्या घरी?"

"लागन कुठंतरी," मी म्हटलं. "तू काढ तं खरं."

त्यानं सात कागद काढले, माझ्यासाठी. भाचीनं मागितलं म्हणून. त्याआधी दोन बिघडले ते वेगळेच, कागद रंग पितो म्हणून कुरकुरला, मग डिंक वाढवला आणि मजा यायला लागली. सातवा, हत्ती-गणपतीचा, काढताना मी त्याच्या शेजारी बसून होते. असा आनंद मला माझ्या कुठल्याही चित्राचा झाला नाही. आणि त्याच वेळी, हे खरं सांगायलाच हवं, मी मनात म्हणत होते की या सात कागदांच्या मागून माझे चार पवनार मुंबईला जातील. मामाचे हत्ती मी तिकिटासारखे वापरायला काढले होते. स्वतःची किळस यायला मला पुढे बराच वेळ लागला, पण सुरुवात तिथली आहे.

रसिकांना पत्र लिहिलं, तर या वेळी उत्तर आलं. थंडीच्या दिवसांत ते मोटारीनं अल्लीपूरला आले. त्या सकाळी मामानं मला विचारलं, "पाव्हन्याचं पुरं नाव काय वं?" मी वडिलांच्या नावासकट सांगितलं. वाटलं, बोलताना लागेल म्हणून विचारतोय. मी स्वयंपाकघरात मामीला मदत करत होते. बाहेर आले तेव्हा मामा सातव्या कागदावर वाकलेला. सहांवर लिहून झालं होतं. प्रत्येक चित्राखाली रसिकांचं पूर्ण नाव, पुढे नागपूर.

"मामा, इथं तुह्यं नाव लिहा लागते."

"माह्यं?" त्याला खरंच कळेना. "माह्या घरी थोडीच लागून राह्यले हे. त्यायच्या घरी चालले ना."

शाई अजून ओली होती. फडकं शेजारीच होतं. मी हसले. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला आणि मी पदर सावरत दारात गेले.

मामीनं वडाभात आणि सांबारवडी, म्हणजे कोथिंबीरवडी, केली होती. रसिक भरपूर जेवले. हात धुवायला मामीनं तांब्या पुढे केला तर "राहू द्या, राहू द्या" म्हणत त्यांनी रुमालाला बोटं पुसली आणि तसेच कागद उचलले. सातव्या चित्राच्या कोपऱ्यात, गणपतीच्या उंदराजवळ, तेलाचा पिवळा अंगठा उमटला. मामानं पाहिलं. भिंतीला पोरांचे हात लागतच असतात, त्याला त्याचं नवल नव्हतं.

मग रसिकांना खालचं नाव दिसलं. "अरे, हे तर माझं नाव," म्हणाले. मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. घरधन्याचं नाव घालतात, काढणाऱ्याचं घालत नाहीत, मामानं चित्रं तुमच्या घरी लागतील म्हणून तुमचं घातलं, असं सगळं सांगितलं. म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. ते पुन्हा पुन्हा त्या अक्षरांकडे बघत होते. "किती निर्मळ माणसं आहेत," म्हणाले. निर्मळ म्हणताना त्यांच्या दातात सांबाराचं पान अडकलेलं होतं.

"आणि भिंत काढणाऱ्याला काय देतात?" त्यांनी विचारलं. टॉवेल-टोपी आणि नारळ, असं मी सांगितलं. लगेच रसिकांनी ड्रायव्हरला बाजारात पिटाळलं. टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, नारळ हातात, असा मामाचा फोटो काढला. मामा ताठ उभा राहिला. टोपी रसिकांनी स्वतःच्या हातानं घातली, गावातला कोणी धनी तसं करत नसे, त्यामुळे त्याला मोठा मान वाटला. मलाही वाटला. आता तो फोटो डोळ्यांसमोर आला की वाटतं, पुढे होऊन ती टोपी काढून फेकावी.

चार-पाच महिन्यांनी मुंबईहून बोलावणं आलं. गॅलरीत मामाची सात चित्रं लागणार होती आणि माझी चार "जमल्यास" लागणार होती. रजा टाकून मी माझे पवनार जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन गेले. मामाला विचारलं होतं, येतोस का. शेतातली कापसाची वाळली पऱ्हाटी उपटायची होती, तो म्हणाला, "तू पाह्यजो, मंग मले सांगजो."

गॅलरी थंडगार होती. पायाखाली गालिचा, भिंतींवर मामाची चित्रं काचेत. दुपारची वेळ, उद्घाटनाला अवकाश. सुंदरच दिसत होती ती, डोळे भरून आले. मग बाजूची पाटी वाचली. रसिकांचं नाव, त्याखाली 'चित्रे'. मामाचा कुठे उल्लेख नाही. 'एका खेडेगावातील कारागिराच्या हातून उतरविलेली' एवढं बारीक अक्षरात.

मी रसिकांना गाठलं. ते मुळीच गडबडले नाहीत.

"बाई, चित्राखाली नाव कोणाचं आहे?"

"तुमचं. पण ते..."

"अक्षर कोणाचं आहे?"

"मामाचं."

"मग? त्यांनीच सांगितलंय कोणाची चित्रं ती. कुंचला मी धरला असं मी कुठे म्हणतो? दृष्टी माझी, हात त्यांचा. मोठमोठे लोक असंच करतात."

दृष्टी. ज्या माणसानं ती चित्रं पुरी झाल्यावर पहिल्यांदा पाहिली, त्याची दृष्टी. तेवढ्यात गॅलरीच्या बाई आल्या. त्यांनी माझ्या चादरीच्या गाठोड्याकडे बोट करून विचारलं, "हे कुठे लावायचे?" रसिक म्हणाले, "बघू. आधी एवढं होऊ द्या." आणि एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. एका रंग कंपनीला कॅलेंडर काढायचं होतं, छापखान्याला कागद लागतो, निव्वळ उपचार आहे, असं म्हणाले.

मी तो नीट वाचला. वाचला नाही असं म्हणायचीही सोय नाही. त्यात होतं: सात चित्रं रसिकांनी स्वतः सांगून, साहित्य देऊन, मोबदला देऊन आपल्या नावे करवून घेतली. कारागिराची भाची म्हणून मला हे माहीत आहे. खाली साक्षीदाराची जागा कोरी.

मला कोणी धमकावलं नाही. हात धरून सही घेतली नाही. गॅलरीच्या बाई माझ्या गाठोड्याची गाठ सोडायला वाकल्या होत्या आणि तशाच थांबल्या होत्या, एवढंच. पेनसुद्धा माझंच होतं. मी सही केली आणि त्यांनी गाठ सोडली.

माझे चार पवनार संडासाकडे जाणाऱ्या बोळात लागले. संध्याकाळी लोक आले, उंची कपडे, उंची वास. काजू खाल्लेल्या बोटांनी काचेवर टिचक्या मारत होते. वर्तमानपत्रात लिहिणारे एक दाढीवाले गृहस्थ सातव्या चित्रासमोर घोळका जमवून बोलत होते. खार म्हणजे म्हणे माणसाची न संपणारी भूक. मग कोपऱ्यातला पिवळा डाग दाखवून म्हणाले, "आणि हा बघा मातीचा स्पर्श. हे शहरातल्या चित्रकाराला सुचणार नाही." तो रसिकांचा अंगठा होता, माझ्या मामीच्या वड्यांच्या तेलाचा. रसिक शेजारीच उभे राहून मान डोलावत होते. मी बोळात माझ्या चित्रांपाशी जाऊन उभी राहिले. एक बाई घाईनं आल्या, "जरा धरा हं" म्हणून आपली पर्स माझ्या हातात देऊन आत गेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी थँक्यू म्हटलं. त्या संध्याकाळी माझ्या चित्रांच्या इतकं जवळून कोणी गेलं असेल तर त्याच.

माझी चित्रं दोन महिन्यांनी ट्रान्सपोर्टनं परत आली. कोपरे कुरतडलेले, एकावर चहाच्या पेल्याचं गोल वर्तुळ. मी ती जाळली वगैरे नाहीत. पलंगाखाली सरकवली. नंतर मी चित्रं काढली ती फळ्यावर, मुलींसाठी.

मामाला मी सांगितलं, तुझी चित्रं मुंबईला लागली. त्यानं विचारलं, "पाहून राह्यले का लोक?" मी म्हटलं, "लय." तो खूश झाला. पुढचं मी सांगितलं नाही.

वर्ध्याच्या कोर्टात आमच्या ओळखीचे एक वकील होते. त्यांच्याकडे मी गेले, पण कधी, तर सही करून आल्यावर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मला कायदा सांगितला. चित्राचा कागद विकला, दिला, तरी चित्र छापायचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. पण कोणी मोबदला देऊन, सांगून चित्र काढवून घेतलं, आणि वेगळं काही ठरलं नसलं, तर तो हक्क काढवून घेणाऱ्याचा.

"त्यानं सांगून काढवलं होतं काय?" वकिलांनी विचारलं.

"नाही. मी काढायला लावलं. त्यांनी नंतर पाहिलं."

"मंग हक्क तुमच्या मामाचा. आणि चित्र माह्यं हाय असं म्हनाचा हक्क तं चित्र इकल्यावर बी जात नाई." मी खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी चष्मा काढला. "पन बाई, चित्राखाली नाव त्याचं, अक्षर तुमच्या मामाचं, अन् त्यानंच काढवलं म्हनून साक्ष तुमची. आता कोर्टात तुमी काय सांगसान? मी खोटी सही केली म्हनून?"

मी उठले. ते मागून म्हणाले, सांगायचं असेल तर या, माझी तयारी आहे. खोटी साक्ष दिली म्हणून शाळेत कळलं असतं, नोकरी गेली असती कदाचित. मी पुन्हा गेले नाही. भीती होती हे खरं, पण नुसती भीती नव्हती. आपण काय विकलं हे भर कोर्टात आपल्याच तोंडानं सांगावं लागेल, ते मला झेपण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतर कॅलेंडर आलं. हिंगणघाटच्या रंगाच्या दुकानातून ते गावोगाव वाटलं गेलं. चित्र लग्नघराचं, सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे अल्लीपुरात घरोघरी भिंतीवर चढलं. मामाच्याही घरी. मी गेले तर तो ते कौतुकानं दाखवत होता. "माह्या हत्तीले छापखान्यानं रंग झकास देल्ला," म्हणाला. पिवळा अंगठासुद्धा साफ छापलेला होता.

मामा अक्षरं घालणारा माणूस. कुठलीही पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची त्याची सवय. कॅलेंडरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'सर्व हक्क राखीव' छापलेलं होतं, ते गावात फक्त त्यानं वाचलं. त्याचा अर्थ शाळेच्या गुरुजींना विचारला. गुरुजींनी सांगितलं, ज्याचं नाव आहे त्याला विचारल्याशिवाय हे दुसऱ्या कोणी काढायचं नाही. मामाला ते लगेच पटलं. त्याचा स्वतःचा नियम तोच तर होता.

आणि मग त्यानं ते पाळलं. अख्ख्या जिल्ह्यात पाळणारा तो एकटाच.

त्या लग्नसराईत ज्याच्या त्याच्या घरी कॅलेंडर पुढे करायचे, "अस्संच काढून दे." मामा म्हणायचा, "ते नाई जमत. ते नागपूरच्या साहेबायचं हाय. दुसरं काढतो." लोक म्हणायचे, "अरे, तुह्यासारखंच तं हाय!" तो म्हणायचा, "हो, पन राखीव हाय." लोकांना वाटलं म्हाताऱ्याला जमत नाही. हिंगणघाटहून ऑइलपेंटवाले पेंटर यायला लागले. त्यांनी कॅलेंडरला चौकोन पाडले आणि हत्ती, गणपती, केळी, खार, सगळं जसंच्या तसं भिंतींवर उतरवलं. एकानं तर उंदराजवळचा पिवळा डागही नेमानं काढला. अल्लीपूरपासून पार तळेगावपर्यंत, एसटीच्या खिडकीतून मला ती खार दिसायची, टणक, चकचकीत, मेल्यासारखी. आई शेजारी असली तरी आता माझा हात दाबत नसे. मामाच्या भिंतींवर मात्र घड नुसते लोंबायचे; हत्ती आणि केळी सगळ्यांच्याच असतात, खार तेवढी राखीव, असा त्याचा हिशेब.

मी एकदा त्याला म्हटलं, "मामा, वकिलाले इचारलं मी. चित्र तुह्यं हाय. खार तुह्यी हाय. काढत जा."

"मंग छापलं काऊन नाई तसं?" त्यानं विचारलं.

मी चहाची कपबशी उचलून आत नेली.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी माझं लग्न ठरलं. उशिरा ठरलं, त्यामुळे घरात जास्तच उत्साह. वर्ध्याच्या आमच्या घराची भिंत काढायला मामा चार दिवस आधी आला. आल्या आल्या वाकून माझ्या पाया पडला. चुना मारला, बिडी ओढली, हत्तीची पाठ काढली. त्या हातात तोच जोर होता. पाहुणे येऊन थांबायचे, बघायचे, पुढे जायचे. दुपारपर्यंत केळीचे खुंट झाले, घड झाले. त्यानं खाली माझ्या वडिलांचं नाव आणि वर्धा लिहिलं आणि कुंचली पाण्यात टाकली.

"मामा, खार?"

"नाई ना काढता येत."

"माह्या लग्नात बी नाई?"

"मले बी तसंच वाटलं," तो म्हणाला. "भाचीचं लगन हाय, तिच्यासाठीच तं काढलती पयली. म्हनून मी साहेबायले पत्र टाकलतं. एवढी एक खार काढू देता का म्हनून." त्यानं हात पुसले आणि सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला लिफाफा काढला. "नाई म्हनले. एकाले देल्लं तं सगळेच मांगतीन. हे बी धाडलं संगं."

लिफाफ्यात त्या टाइप केलेल्या कागदाची प्रत होती. खाली माझी सही, माझ्या नेहमीच्या पेनाची, चित्रावर करायची म्हणून मी घोटून घोटून बसवलेली.

"तू शिकेल हायस," मामा म्हणाला. "वाचूनच केली असशीन." त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

मी पाण्यातली कुंचली उचलली, गेरूत बुडवली आणि उजव्या घडावर खार काढायला लागले. शेपटी जाड झाली, डोकं उंदरासारखं झालं. तरी खार होती. मामा मागे उभा राहून बघत होता. मी थांबले तेव्हा त्यानं ओलं फडकं घेतलं, पिळलं, आणि घडावरून हलक्या हातानं फिरवलं. गेरूचा एक ओघळ केळीच्या खोडावर आला, तोही त्यानं टिपून घेतला.

"चोरीचं नको, बाई," तो म्हणाला, "लग्नाच्या भितीवर."

मग मला वाईट वाटलं असेल असं त्याला वाटलं असावं. फडकं बाजूला ठेवून तो पुन्हा वाकला, आणि चुन्यानं पांढरे झालेले दोन्ही हात त्यानं माझ्या पायांना लावले. मी पाय मागे घेतले नाहीत.